पळताना घड्याळात दिसणारे ठोके कितपत खरे? रंकाळ्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात रंकाळा तलावावर पहाटे साडेपाचला जमणाऱ्या आमच्या टोळक्यात बारा-पंधरा जण आहेत. पूर्वी एखाद्याच्याच मनगटावर स्मार्टवॉच असायचं. आता ज्याच्या हातात दिसत नाही त्याला विचारतात, "काय ओ, चार्जिंगला लावून आलाय काय?" पळून झालं की चहाच्या गाड्यापाशी आकड्यांची पंचायत बसते. माझ्याकडं ठोके मोजणारा, छातीला बांधायचा पट्टा आहे आणि वहीत नोंदी ठेवायची खोड आहे. एवढ्याच भांडवलावर सगळे प्रश्न माझ्याकडं येतात. मी डॉक्टर नाही. काही वर्षं घड्याळ आणि पट्टा दोन्ही एकदम अंगावर चढवून पळतोय आणि या विषयावर बरंच वाचलंय. रोज तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

घड्याळ हृदयाचे ठोके मोजतं, म्हणजे नेमकं काय मोजतं?

घड्याळ काढून अंधारात पालथं धरा. हिरवे दिवे लुकलुकताना दिसतील आणि त्यांच्या शेजारी परत आलेला उजेड टिपणारा एक छोटा काळा चौकोन. रक्त लाल दिसतं कारण ते हिरवा उजेड गिळून टाकतं. हृदयाचा ठोका पडला की रक्ताची एक लाट मनगटाच्या कातडीखालच्या बारीक वाहिन्यांपर्यंत येते, तेव्हा हिरवा उजेड जास्त गिळला जातो. लाट ओसरली की कमी. हा चढउतार मिनिटाला किती वेळा झाला, तो आकडा तुम्हाला काचेवर दिसतो.

दवाखान्यातला ईसीजी वेगळ्या जातीचा. हृदयाचा स्नायू आकसायच्या आधी त्यातून विजेची एक लहर जाते, ती तो थेट पकडतो. कोल्हापूरकराला हा फरक समजावायला सोपा आहे. पावसाळ्यात राधानगरी धरणावर बसून स्वयंचलित दरवाजा उघडताना बघणं म्हणजे ईसीजी. पंचगंगेच्या घाटावर उभं राहून, पाणी चढलंय म्हणजे वर दरवाजा उघडला असणार असं ओळखणं म्हणजे मनगटावरचं घड्याळ. ओळख बहुतेक वेळा बरोबर येते. पण मध्ये बरंच अंतर असतं आणि ही खूणही बारीक असते. परत येणाऱ्या एकूण उजेडात नाडीमुळं पडणारा फरक जेमतेम टक्का-दोन टक्क्यांचा.

बसल्या जागी बरोबर येतं, मग पळायला लागलं की का बिनसतं?

घाटावर पाणी संथ असेल तर बोटभर चढलेलंही कळतं. तिथंच पोरांनी धडाधड उड्या मारायला सुरुवात केली तर काय कळणार? पळताना हात झुलतो, घड्याळ कातडीवर घसरतं, कडेनं बाहेरचा उजेड आत शिरतो आणि दर पावलाच्या हादऱ्यानं मनगटातलं रक्तही डुचमळतं. टक्का-दोन टक्क्यांच्या खुणेपुढं हा गोंधळ कित्येक पटींनी मोठा.

म्हणून घड्याळात हालचाल मोजणारा आणखी एक सेन्सर असतो. हात कोणत्या तालात हलतोय ते तो सांगतो, आणि घड्याळातलं गणित तेवढा ताल वजा करून उरलेल्या गोंधळात नाडी शोधतं. चांगल्या आणि सुमार घड्याळातला मोठा फरक या वजाबाकीत असतो. हिरवे दिवे दोन्हीकडं आहेतच.

शिवाय घड्याळ एकेका ठोक्याचा हिशेब दाखवत नाही. मागच्या काही सेकंदांची सरासरी काढून दाखवतं. सपाटीवर एका चालीनं पळताना याचा त्रास नाही. तीस सेकंद जोरात, तीस सेकंद हळू असा व्यायाम केलात तर मात्र जोरातल्या तुकड्याचा आकडा हळूच्या तुकड्यात उगवतो. फुटबॉलवाल्या पोरांची तक्रार हीच असते. पंधरा सेकंदांची धाव संपून पोरगं कमरेवर हात ठेवून उभं असतं, तेव्हा घड्याळ चढायला लागतं. (सामन्यात घड्याळ घालूच नका. दुसऱ्याला लागतं, आणि रेफ्री काढायला लावेलच.)

सावकाश पळतोय, दमही लागला नाही, तरी घड्याळ १७०च्या वर दाखवतं. घाबरायचं का?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर मला माझ्याच अंगावर मिळालं.

एका डिसेंबरात, पहाटे, तलावावर धुकं होतं. मी अगदी आरामात पळत होतो, शेजारच्याशी बोलत. घड्याळाकडं बघितलं तर १७२. पन्नाशीच्या माणसाला हा आकडा म्हणजे जवळजवळ कमाल. छातीचा पट्टा मोबाइलला जोडलेला होता, तिथं १३८. थांबलो नाही. तसाच पळत उजवा पाय किती वेळा पडतो ते तीस सेकंद मोजलं. त्रेचाळीस. मिनिटाला शहाऐंशी, म्हणजे दोन्ही पायांची मिळून १७२ पावलं. घड्याळ माझ्या नाडीच्या जागी माझे पाय मोजत होतं.

याला पावलांच्या तालावर अडकणं म्हणतात. बऱ्याच जणांची पावलं मिनिटाला १६० ते १८०च्या आसपास पडतात. जोरात पळताना नाडीही त्याच पट्ट्यात येते, त्यामुळं कोणता ताल पायाचा आणि कोणता रक्ताचा हे गणिताला उमगत नाही. थंडीत मनगटातलं रक्त आटलं की खरी खूण दुबळी होते आणि पायाचा हादरा जिंकतो. त्या दिवशी माझं तेच झालं होतं.

ओळखायच्या दोन खुणा. एक, आकडा चढत न जाता उडी मारतो: १३५ होता, बघताबघता १७०, आणि मग तिथंच खिळून बसतो. दोन, चढ आला, उतार आला, तरी तो हलत नाही, कारण पावलांचा ताल फारसा बदलत नाही. असं दिसलं की पाव मिनिट थांबा, घड्याळ मनगटावरून दोन बोटं वर सरकवा, पट्टा एक भोक घट्ट करा आणि पुन्हा निघा. बहुतेक वेळा ताळ्यावर येतं.

आमच्यातले बँकेतून निवृत्त झालेले एक काका या एका गोष्टीपायी चार दिवस पळायला आले नव्हते. घरच्यांनी घड्याळातला आलेख बघून त्यांना बाहेरच सोडलं नाही. आलेख बघितला, तर पळायला सुरुवात झाल्यावर दुसऱ्याच मिनिटाला रेषा भिंतीसारखी सरळ वर गेलेली आणि मग तासभर टेबलासारखी सपाट. खरी नाडी अशी वागत नाही. तरी दम लागलेला नसतानाही चक्कर किंवा धडधड असेल आणि असा आकडा आला तर ही शक्यता मनात धरून गप्प बसू नका. आधी गळ्यावर बोट ठेवून मोजा.

उलटं होतं. जीव चाललाय आणि घड्याळ ९७ म्हणतं.

हे तालमीत बघावं. पेठेतल्या एका तालमीत वस्तादांच्या ओळखीनं मी एकदा वही घेऊन बसलो होतो. एकोणीस-वीस वर्षांचा पैलवान, नवीन घड्याळाची हौस, सपाट्या मारत होता. पन्नास झाल्या तेव्हा घामाची धार मातीत पडत होती आणि घड्याळावर ९७. मी म्हटलं, थांब, आणि लगेच त्याच्या गळ्यापाशी दोन बोटं ठेवून दहा सेकंद मोजलं. सत्तावीस. मिनिटाला १६२. पोरगं हसायला लागलं, "सर, घड्याळ झोपलंय की ओ!"

कारण समजून घ्या. जोर किंवा सपाटी मारताना तळहात जमिनीवर टेकतो आणि मनगट मागं दुमडतं. तिथं कातडी चुरगळते, घड्याळाची पाठ एका कडेवर उभी राहते, तळाशी फट पडते. मुद्गल फिरवताना आणि दोर चढताना मूठ आवळली की मनगटातल्या शिरा आणि स्नायूबंध ताठ होऊन सेन्सरला वर उचलतात, आणि त्या दाबानं कातडीतलं रक्तही मागं सरतं. जिममध्ये डेडलिफ्ट, पुल-अप, केटलबेल यांचं तेच. वर तालमीत अंगाला तेल आणि तांबडी माती. काचेवर त्याचा थर बसला की हिरव्या दिव्याला मातीच दिसणार.

तेव्हा ज्या व्यायामात मूठ आवळायची किंवा मनगट दुमडायचं असतं, तिथला आकडा मी वहीत लिहीतच नाही. पट्टा असेल तर पट्ट्याचा, नसेल तर बोटांनी मोजलेला. आणि हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उतरताना घड्याळ काढून ठेवायचं. धातूची कड समोरच्याच्या डोळ्यात जायला क्षण लागतो.

मग छातीचा पट्टा घ्यावाच का?

नुसतं चालत असाल किंवा तब्येतीसाठी आठवड्यातून चारदा हलकं पळत असाल तर नको. वेळेच्या तुकड्यांत जोरकस व्यायाम, वजनं, कुस्तीचा सराव, सायकलीवरचा घाट यांचे आकडे हवे असतील तर घ्या.

पट्टा हृदयातली विजेची लहर टिपतो. म्हणजे ईसीजीच्याच कुळातला, फक्त हातापायांना तारा न लावता छातीवर दोन जागी टेकलेला. हा प्रकार फिनलंडचा. बर्फावर स्की करणाऱ्यांची नाडी सराव करताना कशी मोजायची या प्रश्नातून १९७७ साली तिथं पोलर कंपनी उभी राहिली, आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिनं बिनतारी पट्टा बाजारात आणला. त्यानंतर बरंच बदललं, पण छातीवर पट्टा बांधायची कल्पना तशीच आहे.

पण पट्टा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. कोरडा बांधलात तर पहिली पाच-दहा मिनिटं २००च्या वर काहीबाही दाखवतो. घाम आला की सुधारतो, म्हणून बांधतानाच आतल्या काळ्या पट्ट्या पाण्यानं ओल्या करायच्या. सिंथेटिक टी-शर्ट वाऱ्यानं फडफडला तरी कोरड्या हवेत खोटे ठोके येतात. छातीच्या स्नायूंच्या खाली, बरगड्यांवर घट्ट बसला पाहिजे. बायकांनी स्पोर्ट्स ब्राच्या पट्टीच्या लगेच खाली बांधला तर सरकत नाही. पळून आल्यावर त्यावरचं डबीसारखं यंत्र काढून पट्टा साध्या पाण्यात खंगाळा. मी पहिला पट्टा घामासकट खुंटीला टांगायचो. वर्षभरात बटणं हिरवी पडली.

छातीला आवळून घेणं ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी दंडावर बांधायचा पट्टा मिळतो. तोही हिरव्या उजेडाचाच, पण दंडावर मांस जास्त, हाडं आणि शिरांची गर्दी कमी, हालचालही कमी. माझ्या वहीत तो मनगटापेक्षा पुष्कळ बरा ठरलाय.

यावर कुणी नीट अभ्यास केलाय का, का सगळे गाड्यावरचे अनुभव?

केलाय. तीन सांगतो, तिन्ही अमेरिकेतले.

क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५० निरोगी माणसांना ट्रेडमिलवर चालवलं-पळवलं आणि चार मनगटी यंत्रं आणि एक छातीचा पट्टा ईसीजीशी ताडून पाहिले. पूर्ण जुळलं तर १ असा मापदंड धरला, तर छातीचा पट्टा ०.९९ आणि मनगटी यंत्रं ०.८३ ते ०.९१. पुढच्या वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठानं ६० माणसांवर सात यंत्रं तपासली. सातांपैकी सहांची ठोक्यांतली चूक ५ टक्क्यांच्या आत राहिली. त्यात एक गंमत आहे. चूक सगळ्यांत कमी जागेवरच्या सायकलीवर आली आणि सगळ्यांत जास्त चालताना. तिसरा अभ्यास ड्यूक विद्यापीठाचा, २०२० सालचा, ५३ माणसांचा. हालचाल करताना होणारी चूक स्वस्थ बसलेलं असतानापेक्षा सरासरी ३० टक्क्यांनी जास्त आली.

यातली बरीच यंत्रं आता दुकानात मिळतही नाहीत, नवीन घड्याळं सुधारलीत. पण पट्टा आणि मनगट यांच्यातली शिडी तशीच आहे, हे माझी वहीही सांगते. आणि सरासरी चूक ५ टक्के म्हणजे दर मिनिटाला ५ टक्के नव्हे. अर्धा तास तंतोतंत आणि मग तीन मिनिटं तीस ठोक्यांनी फरार, असंच ते बहुधा वागतं.

सावळ्या कातडीवर घड्याळ कमी चालतं म्हणतात. खरं का?

शंका रास्त आहे, कारण कातडीतलं रंगद्रव्यही हिरवा उजेड गिळतं. पण अभ्यासांचं एकमत नाही. स्टॅनफर्डच्या अभ्यासात गडद कातडीवर चूक जास्त निघाली, ड्यूकच्या अभ्यासात वर्णानुसार म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. आमच्या टोळक्यात गोऱ्यापासून काळ्याकुट्टापर्यंत सगळे आहेत आणि ज्याच्या घड्याळाचा पट्टा ढिला त्याचा आकडा चुकीचा, एवढंच मला दिसलंय.

गोंदण मात्र नक्की आडवं येतं. इथल्या पोरांना मनगटावर राजमुद्रा गोंदवून घ्यायची हौस भारी, आणि नेमकं तिच्यावरच घड्याळ. शाई कातडीत दाट भरलेली असली की उजेड आत जातच नाही. आकडा येत नाही किंवा येतो-जातो. दुसऱ्या हातात घाला.

बरोबर घालायचं कसं?

मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला जे हाड उंचावलेलं असतं त्याच्या वर, कोपराच्या दिशेला, दोन बोटं. पळताना घट्ट इतकं की हात झटकला तर घड्याळासोबत कातडी हलावी, पण बोटांना मुंग्या येऊ नयेत. दिवसभर मात्र सैल ठेवा, नाहीतर कातडी सोलते. ज्या हातानं काम कमी करता त्या हातात. घड्याळ पालथं करून आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं पुसा, तेल आणि सनस्क्रीनचा थर डोळ्याला दिसत नाही पण असतो. घड्याळात पळणं, चालणं, सायकल असे प्रकार निवडायला येतात, ते निवडा. बरीच घड्याळं तेव्हाच सलग मोजायला लागतात, एरवी बॅटरी वाचवायला अधूनमधून डोकावतात.

हिवाळ्यात पन्हाळ्याला सायकलनं जातो. निम्म्या वाटेत आकडा गायब होतो.

थंडीत शरीर हातापायांच्या कातडीतलं रक्त आत ओढून घेतं. केर्लीच्या सपाटीवर गार वारा थेट बोटांवर येतो, हात बर्फासारखे, तिथं हिरव्या दिव्यानं शोधायचं काय? वाघबीळपासून चढ लागला आणि अंग तापलं की आकडा आपोआप परत येतो, हे तुम्हीही बघितलं असेल. लांब बाहीचा स्वेटर घड्याळावरून ओढून घ्या. निघायच्या आधी दारातच दहा मिनिटं अंग गरम करा.

सायकलीची आणखी एक भानगड म्हणजे हँडल. हातावर भार टाकून मनगट वाकवलं की जोर मारल्यासारखंच होतं, आणि खराब रस्त्याची थरथर थेट मनगटात. उतारावर ब्रेक आवळून येताना दिसणारा आकडा तर मी बघतही नाही. तेव्हा रस्त्याकडं बघायचं असतं.

पोहताना?

भरवसा कमी. पाणी घड्याळ आणि कातडी यांच्यामध्ये शिरतं, हात सपकन आपटतो, वर गारठा. ब्लूटूथची लहर पाण्यातून जात नाही, त्यामुळं साधा छातीचा पट्टाही पाण्याखाली मुका होतो. काही पट्टे आकडे स्वतःत साठवून बाहेर आल्यावर देतात. काठाला धरून गळ्याची नाडी दहा सेकंद मोजणं सोपं पडतं.

दोन हजारांचं घड्याळ आणि चाळीस हजारांचं, फरक खरंच आहे?

स्वस्थ बसलेलं असताना फारसा नाही. पळताना आहे, आणि तो वर सांगितलेल्या वजाबाकीचा. पण महाग म्हणून बिनचूक असंही नाही. ढिलं घातलेलं चाळीस हजारांचं घड्याळ नीट घातलेल्या पाच हजारांच्या घड्याळापुढं हरताना मी बघितलंय.

स्वस्तातल्या काहींची एक परीक्षा घरी करता येते. टॉवेलची गुंडाळी करून तिला घड्याळ बांधा आणि मोजायला लावा. आमच्यातल्या एकानं आठशे रुपयांत घेतलेल्या घड्याळानं टॉवेलला ७६ ठोके दिले. मग आम्ही चहाच्या गाड्यावर केळ्याला बांधलं. ८१. गाडीवाला म्हणाला, "केळं टेन्शनमधी हाय." यंत्र उजेडातल्या कुठल्याही थरथरीत ताल शोधत राहतं आणि काहीतरी सापडल्यासारखं करतं. चांगल्या घड्याळांना समोर कातडी आहे की नाही याचा अंदाज असतो. तीही कधी फसतात, म्हणून एवढ्यावरून घड्याळ फेकून देऊ नका. पण टॉवेलला दर वेळी बिनदिक्कत सत्तर-ऐंशी देणाऱ्या घड्याळावर व्यायाम आखूही नका.

मोबाइल म्हणतो 'झोन दोनमध्ये पळा'. तो झोन बरोबर असतो का?

इथं माझं मत जरा कडक आहे. लोक घड्याळाच्या चार-पाच ठोक्यांवरून भांडतात आणि झोन ज्या आकड्यावर उभा असतो तिकडं बघतही नाहीत.

झोन म्हणजे ठोक्यांचा ठरावीक टप्पा. तो काढायला तुमच्या हृदयाचा कमाल वेग लागतो. तुम्ही तो कधीच मोजलेला नसतो, म्हणून ॲप '२२० वजा वय' हे जुनं सूत्र वापरतं. २००१ साली तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरं सूत्र दिलं, २०८ वजा वयाच्या ०.७ पट. चाळिशीत दोन्ही सूत्रं १८०च देतात. साठीत एक १६० म्हणतं, दुसरं १६६. आणि दोन्ही सूत्रं सरासरी माणसाची. एकाच वयाच्या माणसांत दहा-बारा ठोके इकडंतिकडं असणं अगदी नेहमीचं, काहींत त्याहून जास्त. साठीतल्या एखाद्याची खरी कमाल १७८ असू शकते. त्याला १६० धरून झोन दिला की बिचारा रांगतच राहतो आणि जरा पाय उचलला की घड्याळ कोकलतं.

ॲपमध्ये कमाल ठोके हातानं भरायची सोय असते. नियमित पळणारा आणि डॉक्टरांनी हिरवा कंदील दिलेला माणूस चढावर जोर लावून, पट्टा बांधून ती काढू शकतो. बाकीच्यांनी झोन दोन म्हणजे 'सलग पूर्ण वाक्यं बोलता येतील अशी चाल' एवढंच धरावं.

आज ६५० कॅलरी जळल्या म्हणतंय. मिसळ खाऊ?

खा, पण घड्याळाच्या जिवावर नको. त्याच स्टॅनफर्डच्या अभ्यासात कॅलरीचा हिशेब सगळ्यांचाच गडगडला. सर्वांत चांगल्या यंत्राची चूक २७ टक्के, सर्वांत वाईटाची ९३. ठोके निदान उजेडात दिसतात, कॅलरी तर ठोके, वजन, वय यांवरून बांधलेला अंदाज. ठोके चुकले की तोही चुकतो, ठोके बरोबर असले तरी चुकतो. गंगावेशीत दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचे दोन पेले रिचवणारा पैलवान हा आकडा बघत नाही, त्याचं बरोबर आहे.

बीपीच्या गोळ्या चालू आहेत. काही वेगळं?

बीटा ब्लॉकर जातीच्या गोळ्या (नावाच्या शेवटी बहुधा 'लोल' असतं) हृदयाचा वेगच दाबून धरतात. घड्याळ बरोबर मोजत असतं, पण वयावरून काढलेले झोन तुम्हाला लागू पडत नाहीत. आकडा वर येत नाही म्हणून जोर वाढवत जाणं धोक्याचं. व्यायाम किती करायचा ते गोळी देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

ज्यांचे ठोके मुळातच अनियमित पडतात त्यांच्या बाबतीत हिरवा दिवा गोंधळतो. काही ठोके इतके दुबळे असतात की लाट मनगटापर्यंत येतच नाही, आणि घड्याळ खऱ्यापेक्षा कमी मोजतं.

छातीत दाब वाटतोय, पण घड्याळात सगळं नॉर्मल आहे.

घड्याळ बघू नका. हृदयविकाराच्या झटक्यात ठोके अगदी नेहमीसारखे असू शकतात. छातीत दाब, जबडा, पाठ किंवा हाताकडं जाणारी कळ, गार घाम, अचानक धाप, मळमळ: यातलं काही व्यायाम करताना किंवा नंतर झालं तर तिथंच बसा, सोबत्याला सांगा, १०८ला फोन लावा. बायकांत आणि मधुमेह असलेल्यांत कधीकधी दुखणं ठळक नसतं, नुसता विचित्र थकवा किंवा धाप असते. काही घड्याळांत बोट टेकवून काढायचा ईसीजी असतो. तो तीस सेकंद स्वस्थ बसून घ्यायचा, लय अनियमित आहे का एवढंच बघायला. झटका आलाय का हे त्यातून कळत नाही.

माझं घड्याळ कितपत बरोबर आहे ते पट्ट्याशिवाय कसं तपासू?

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या आतल्या बाजूला तर्जनी आणि मधलं बोट ठेवा. अंगठ्यानं मोजू नका, त्याची स्वतःची नाडी मध्येच ठकठकते. आधी बसून पूर्ण एक मिनिट मोजा. घड्याळाशी दोन-तीन ठोक्यांचा फरक चालतो.

मग पळून या, थांबता क्षणी घड्याळाचा आकडा मनात धरा आणि लगेच पंधरा सेकंद मोजून चारनं गुणा. लगेच म्हणजे लगेच. थांबल्यावर नाडी झपाझप उतरते, अर्ध्या मिनिटानं मोजलेलं पळतानाचं उरत नाही. पळून आल्यावर मनगटाची नाडी सापडत नसेल तर गळ्याला, घाटीच्या (कंठमण्याच्या) बाजूच्या खळगीत, एकाच बाजूला हलकं दाबून. दोन्ही बाजू एकदम कधीही दाबू नयेत. पंधरा सेकंदांत एक ठोका चुकला की मिनिटात चारांचा फरक पडतो, त्यामुळं पाच-सहाच्या फरकावरून घड्याळाला दोष देऊ नका. असं आठवडाभर केलंत की तुमचं घड्याळ कोणत्या व्यायामात भरवशाचं आणि कोणत्या नाही, ते तुम्हालाच दिसेल.

मग घड्याळाचा खरा उपयोग कशाला?

झोपेतल्या आकड्याला. हात स्थिर, अंधार, मनगट उबदार, हिरव्या दिव्याला याहून चांगले दिवस नाहीत. रात्रीचे सर्वांत कमी ठोके महिनाभर बघा. माझे एरवी ५४-५५ असतात. ताप यायच्या आदल्या रात्री ते ६३ झाले होते, आणि मी दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं घरी बसलो. शेजाऱ्याचे ४८ आहेत म्हणून तो माझ्यापेक्षा भारी, असली तुलना गाड्यावर रोज चालते. तिला अर्थ नाही. आपला आकडा आपल्याच मागच्या महिन्याशी ताडायचा.

घड्याळ घरी विसरलं तर?

स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी कष्ट किती वाटतायत ते माणसाला स्वतःलाच ६ ते २० मध्ये सांगायला लावणारी पट्टी बनवली. सहापासून सुरुवात अशासाठी, की त्या आकड्यावर शून्य चढवलं की तरुण निरोगी माणसाचे ठोके साधारण मिळावेत: १३ वाटलं तर १३०च्या आसपास. वय वाढलं की हा मेळ बसत नाही, पण पट्टी उपयोगी राहते. त्याहून सोपं म्हणजे बोलणं. आमच्यातले दोघं पळताना रोज उसाच्या दरावरून भांडतात. ज्या दिवशी शालिनी पॅलेसच्या पुढं दोघंही गप्प होतात, त्या दिवशी चाल जास्त झालेली असते, आणि मागून पळणाऱ्या मला ते मोबाइल न बघता कळतं.